हरणाची कवटी भिंतीवर लावताना: नवं भोक पाडायचं नाही

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार उजाडला की आमचं ऑफिस निम्मं रिकामं होतं. बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू झालेला असतो आणि माणसं भडक नारिंगी जाकिटं घालून जंगलात गेलेली असतात. मी शिकार करत नाही. पण सहा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने मला व्हाइटटेल हरणाची साफ केलेली कवटी आणून दिली, आणि ती भिंतीवर लावता लावता मी या उद्योगात पडले. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिली तेव्हा म्हणाली, "अगं, लोक दारावर लिंबू-मिरची टांगतात, तू हे काय टांगलंस?" त्यानंतर ओळखीपाळखीच्या लोकांच्या मिळून दहा-बारा कवट्या लावल्या. सुरुवातीच्या दोन बिघडवल्या. त्यातून जे शिकले ते इथे लिहिते आहे.

इकडे याला 'युरोपियन माउंट' म्हणतात. पेंढा भरलेलं, काचेच्या डोळ्यांचं डोकं नव्हे, नुसती पांढरी कवटी आणि तिच्यावरची शिंगं. जर्मनी-ऑस्ट्रियात ओकच्या लहान फळीवर रो नावाच्या छोट्या हरणाची कवटी लावायची जुनी पद्धत आहे, तिच्यावरून हे नाव पडलं.

माझा नियम एकच आहे, तो आधीच सांगते. कवटीला आपण नवीन भोक पाडायचं नाही आणि जे करू ते परत काढता आलं पाहिजे. निसर्गाने मागच्या बाजूला एक चांगलं भोक दिलेलं आहे, तेवढं पुरतं.

कवटी कुठून आली?

हा प्रश्न आधी. इकडे परवान्यावर मारलेल्या हरणाची कवटी ठेवायला किंवा भेट द्यायला अडचण नसते. जंगलात फिरताना गळून पडलेलं सुटं शिंग सापडलं तर विस्कॉन्सिनमध्ये ते बेलाशक उचला. पण शिंग कवटीला जोडलेलं असेल तर राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची परवानगी लागते. रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या हरणाचंही तसंच, आधी नोंद करायची, मग हात लावायचा. प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत, आपल्या राज्याचे बघून घ्या.

दुसरी गोष्ट क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची. हरणांच्या मेंदूला पोखरणारा हा रोग कोलोरॅडोत १९६७ साली पहिल्यांदा नजरेस आला, विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो आणि प्रायॉन नुसत्या उकळण्याने मरत नाही. माणसाला याची लागण झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी मेंदूचा अंश शिल्लक असलेली कवटी हातमोज्यांशिवाय हाताळू नका आणि राज्याची हद्द ओलांडून नेऊ नका. बहुतेक राज्यांत पूर्ण साफ केलेली कवटी तेवढी नेता येते.

आता भारतात राहणाऱ्यांसाठी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात चितळ, सांबर, भेकर सगळे येतात. शिकारीचा प्रश्नच नाही, पण गळून पडलेलं शिंगसुद्धा हौसेने घरी आणून ठेवता येत नाही. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात सांबराची शिंगं दिसतात, त्यांच्या मालकांकडे वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र असावं लागतं. ती वारसाने पुढे जातात, विकता येत नाहीत. आणि इकडची कवटी बॅगेत घालून पुण्याला न्यायचा विचार कृपा करून करू नका. विमानतळावर ती व्हाइटटेलची की चितळाची हे पटवत बसायची वेळ येईल.

भारतात बसून हात बसवायचा असेल तर खाटकाकडून बोकडाचं डोकं आणा. पद्धत हीच, फक्त एक फरक आहे. हरणाचं, म्हणजे सारंग कुळातल्या प्राण्याचं शिंग भरीव हाडाचं असतं, त्याला फांद्या फुटतात आणि ते दरवर्षी गळतं. बोकड, काळवीट, गाय यांच्या शिंगावर पोकळ खोळ असते आणि आत हाडाचा गाभा. बोकडाची कवटी भिजवली की ही खोळ बोटमोज्यासारखी निघून हातात येते. घाबरू नका, वाळल्यावर परत चिकटवायची असते.

ती खरंच साफ आहे का?

देणारा म्हणतो, "एकदम क्लीन आहे." विश्वास ठेवू नका. आधी नाकाने बघा. मग टॉर्च घेऊन मागच्या भोकातून आत बघा. हे भोक, जिथून मज्जारज्जू मेंदूकडे जातो, साधारण अंगठा जाईल एवढं असतं. आत काळपट सुकलेले पापुद्रे दिसले तर ते मेंदूचे. लांब चिमट्याने आणि कोमट पाण्याने काढावे लागतील.

त्यानंतर चरबी. हाड पांढरं दिसत असतं, पण कपाळावर किंवा शिंगांच्या बुडाशी पिवळसर, तेलकट, जरा आरपार दिसल्यासारखे डाग असतील तर आत चरबी आहे. ती आज ना उद्या बाहेर येणार आणि तिच्यावर धूळ बसून कवटी कळकट होणार. उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. भांडी घासायचा लिक्विड साबण घातलेल्या कोमट पाण्यात कवटी बुडवून ठेवायची आणि पाणी गढूळ झालं की बदलायचं. यात कधी चार दिवस जातात, कधी तीन आठवडे. शिंगं पाण्याबाहेर राहतील असं भांडं निवडा. पाणी उकळू मात्र नका. उकळीने चरबी हाडात आणखी मुरते आणि नाकाची पातळ हाडं सुटतात.

पांढरं करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. केस रंगवायच्या सामानात मिळणारं '४० व्हॉल्यूम' क्रीम म्हणजे १२ टक्क्यांचं पेरॉक्साइड. ते ब्रशने लावून वर प्लास्टिक गुंडाळायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच, कातडीला लागलं तर चांगलंच पोळतं. शिंगांना त्याचा थेंब लागू देऊ नका. शिंगांचा तपकिरी रंग हा झाडांच्या साली घासून आणि हवा-उन्हाने आलेला असतो, एकदा उडाला की परत येत नाही. माझ्या दुसऱ्या कवटीचं एक शिंग बुडापासून दोन इंच पांढरं पडलं. ते मी चहाच्या पाण्याने रंगवायचा प्रयत्न केला. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

कपडे धुवायचं क्लोरीन ब्लीच अजिबात नको. ते हाडाचाच घास घेतं. आज स्वच्छ दिसतं, पुढच्या वर्षी बोटाला खडूसारखी पूड लागते.

हे सगळं झाल्यावर कवटी सावलीत, वारा लागेल अशा जागी निदान दोन आठवडे वाळू द्या. ओल्या हाडावर पुढचं काम केलं तर ते फुकट गेलंच म्हणून समजा.

सुटे भाग

वाळलेल्या कवटीचे दात हलायला लागतात. (हरणाला वरचे पुढचे दात नसतातच. "माझ्या कवटीचे दात हरवले" असं निम्मे नवखे म्हणतात, हरवलेले नसतात.) नाकाची दोन लांबट हाडं आणि जबड्याच्या टोकाचे दोन पातळ तुकडेही सुटून येतात. डबीत जपून ठेवा, डावं-उजवं पेन्सिलने आतल्या बाजूला लिहा.

चिकटवायला पांढरा गोंद घ्या, आपल्या फेविकॉलसारखा. तो पाण्याने मऊ होतो, त्यामुळे वाकडं बसलं तर परत काढता येतं. सुपरग्लू झटपट आहे, पण त्याची पांढरी वाफ हाडावर धरते आणि चूक कायमची होते. टूथपिकच्या टोकावर थेंबभर गोंद पुरतो. नाकाची हाडं बसवली की वर मास्किंग टेप लावून रात्रभर सोडून द्या.

हाड खडूसारखं झालंच असेल तर तोच गोंद तितक्याच पाण्यात पातळ करून एक हात मारा. संग्रहालयांत यासाठी पॅरॅलॉइड बी-७२ नावाचं अ‍ॅक्रिलिक रेझिन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात. ते उत्तम, पण खिडक्या उघडून आणि गॅस बंद करून. लाकडाचं पॉलियुरेथेन व्हार्निश लावायचा मोह होतो, कारण घरात असतं. काही वर्षांत ते पिवळं पडतं आणि कवटी प्लास्टिकची वाटायला लागते. कवटी घट्ट असेल तर काहीच लावू नका. मी बहुतेकदा लावत नाही.

वजन कुठे पडतं

आता खरं काम. भिंतीतून पुढे येऊन कवटी पेलणारे तयार पोलादी हात दुकानात मिळतात, 'स्कल हूकर' हा इकडचा ठाऊक ब्रँड. पैसे असतील तर आणा, दहा मिनिटांत काम होतं. मी घरी करते, कारण फळी मला माझ्या आवडीची हवी असते.

बरेच जण फळीच्या मागून लांब स्क्रू घालून थेट कवटीच्या तळाच्या हाडात पिळतात. मी हे करत नाही. कवटीचं हाड बहुतेक जागी पातळ असतं, स्क्रूने तडा गेला की तो शिवणीपर्यंत, म्हणजे दोन हाडांच्या सांध्यापर्यंत जातो, आणि सगळं वजन दोन-तीन आट्यांवर लोंबकळत राहतं. काही जण जागा वाचवायला करवतीने नाक किंवा तळ कापतात, तेही नको. शिंगं कधीकाळी मोजून घ्यायची असतील तर लक्षात ठेवा, की थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली काढलेला आणि मोठ्या शिंगांच्या नोंदी ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लब दुभंगलेली कवटी नोंदीला घेत नाही, आणि अधिकृत मोजणीआधी शिंगं ६० दिवस वाळलेली असावी लागतात.

त्याऐवजी मागचं भोक वापरायचं. लोखंडाची चपटी पट्टी घ्या, पाऊण इंच रुंद, ३/१६ इंच जाड (सुमारे १९ आणि ५ मिलिमीटर), लांबी साधारण ११ इंच. व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवायची. पहिले चार इंच फळीला टेकतील, त्यात दोन भोकं. तिथून काटकोनात वळून पाच-सहा इंच भिंतीपासून बाहेर. शेवटचा इंचभर भाग हळूच वर उचललेला, नागाने मान काढावी तसा. तीक्ष्ण कडा कानसीने मारा, आणि या टोकावर रबरी नळी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा.

हे टोक कवटीच्या मागच्या भोकातून आत जातं आणि मेंदूच्या पोकळीच्या छताला आतून टेकतं. भोकाची वरची कड टोकाच्या मागे अडकते, म्हणून कवटी पुढे घसरत नाही. नाकाकडचं वजन खाली ओढतं तेव्हा मागची बाजू वर उठू बघते, पण भोकाची खालची कड पट्टीला खालून टेकते आणि तिथेच सगळं थांबतं. म्हणजे एकही स्क्रू नसताना कवटी स्वतःच्याच वजनाने घट्ट बसते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी उगाचच दहा वेळा ती काढून-घालून पाहिली.

पट्टी चपटीच का, गोल सळई का नको? कारण माझी पहिली कवटी मी गोल सळईवर लावली होती. एका शिंगाला चार टोकं, दुसऱ्याला पाच. रोज सकाळी बघावं तर तिने जड शिंगाच्या बाजूला मान कलंडवलेली, जणू शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकते आहे. संध्याकाळी सरळ करायची, सकाळी परत तेच. चपट्या पट्टीवर ती फिरत नाही. तरी थोडी हललीच तर भोकात पट्टीच्या दोन्ही बाजूंना नमद्याचे तुकडे दाबून बसवा. एम-सीलसारखी पुट्टी भरायचा सल्ला कुणी देईल. पुट्टीने काम पक्कं होतं, पण मग कवटी पुसायला खाली काढता येत नाही.

कोन सांगून जमत नाही, करून बघावा लागतो. नाक थोडं खाली झुकलेलं असावं, साधारण हरीण गवताकडे बघतं तेवढं. नाक खाली गेलं की शिंगं भिंतीपासून पुढे येतात, नाक वर उचललं तर शिंगांची पाठ भिंतीवर घासते. फळी टेबलाच्या कडेला क्लॅम्पने उभी धरा, कवटी चढवा, पाच पावलं मागे जा, बघा, परत वाकवा. यात मला तासभर जातो आणि तो वाया गेला असं कधी वाटत नाही.

फळी

ओक किंवा अक्रोड, पाऊण इंच जाड, सहा इंच रुंद, बारा इंच उंच. कड रंध्याने मारून घ्या, १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिशपेपर, वर जवसाचं तेल. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा. ढालीच्या आकाराच्या कोरीव फळ्या दुकानात मिळतात, मला त्या पोलीस पदकासारख्या वाटतात.

भिंत

अमेरिकेतल्या घराची भिंत म्हणजे अर्धा इंच जिप्समचा बोर्ड आणि त्यामागे लाकडी खांब, ज्यांना स्टड म्हणतात. ते बहुतेक ठिकाणी मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर असतात. कवटी स्टडवरच लावायची. नुसत्या बोर्डात प्लॅस्टिकचा प्लग ठोकला तर तो एक दिवस पुढ्यात येणार, कारण वजन भिंतीपासून सहा इंच पुढे लोंबतं आणि तरफेसारखं वरचा स्क्रू उपटायला बघतं. व्हाइटटेलची कवटी शिंगांसकट उचलायला जड नसते, एक-दोन किलोंचा मामला, पण ही तरफ विसरू नका. मुद्दाम किचनच्या काट्यावर वजन करून घ्या. एल्क या खूप मोठ्या हरणाची असेल तर हे सगळं माप तिथेच सोडून द्या, तिला याहून फार दणकट हात लागतो.

स्टड शोधायचं यंत्र नसेल तर फ्रिजवरचं एक चांगलं लोहचुंबक भिंतीवरून फिरवा. बोर्डाचे स्क्रू जिथे चुंबक धरतील तिथे स्टड. विजेच्या बटणाच्या किंवा सॉकेटच्या थेट वर-खाली भोक पाडू नका, वायर त्याच स्टडला धरून गेलेली असते.

स्क्रूचा हिशेब असा: पट्टी धरून नाही म्हटलं तरी एक इंच फळीत जातो, अर्धा इंच बोर्डात, आणि स्टडमध्ये निदान दीड इंच हवा. म्हणून तीन इंचांचे स्क्रू घ्या. दोन स्क्रू पट्टीच्या भोकांतून फळी, बोर्ड आणि स्टड असे एका ओळीत जातात, आणि तिसरा फळीच्या खालच्या टोकाशी, म्हणजे फळी फिरणार नाही. आधी १/८ इंचाच्या बिटने भोक पाडा, नाहीतर ओक चिरतो. पाणसळ लावून फळी ओळंब्यात आहे ना बघा आणि मगच शेवटचे आटे पिळा.

भाड्याच्या घरात असाल तर करार वाचा. जर्मनीत किंवा विटांच्या पक्क्या भिंतीच्या घरात असाल तर स्टडचा प्रश्न नाही, तिथे नायलॉनचा प्लग. आपल्याकडचे सुतार ज्याला नुसतं 'फिशर' म्हणतात तो आर्टुर फिशर या जर्मन माणसाने १९५८ साली काढला. आणि रो हरणाची कवटी इतकी हलकी असते की तिला एवढा खटाटोप लागतच नाही.

जागा

उंचीबद्दल एकच सांगते, शिंगांना टोकं असतात. चित्र डोळ्यांच्या रेषेत लावतात तशी कवटी लावली तर पाहुण्याच्या डोळ्यांच्या रेषेत टोकं येतील. नाकाचं टोक सहा फुटांच्या वर ठेवा. पलंगावर, सोफ्यावर, दाराच्या चौकटीवर नको. शेकोटीच्या वर लावायची इकडे फार हौस, पण तिथल्या गरम हवेने राहिलेली चरबी सुटते आणि हाडाला तडे जातात. थेट ऊन येणारी भिंतही टाळा, शिंगांचा रंग फिका होतो.

भिंत नकोच असेल तर पुस्तकांच्या कपाटावर लाकडी ठोकळ्यात उभी सळई बसवून ठेवता येते. त्यात खालचा जबडाही जागेवर बसवून दाखवता येतो, मुलांना ते जास्त आवडतं. ठोकळा जड घ्या.

नंतर

वर्षातून दोनदा रंगाच्या मऊ ब्रशने धूळ झटका. नाकाच्या आत कागदासारख्या गुंडाळ्या असतात, तिथे ब्रश किंवा व्हॅक्यूमची नळी घालू नका, त्या लगेच चुरतात. कवटीखाली भिंतीजवळ बारीक तपकिरी भुकटी किंवा केसाळ कात दिसली तर आत कुठेतरी मांसाचा सुकलेला अंश राहिलाय आणि तो खायला किडे आलेत. हेच डर्मेस्टिड किडे लोक कवट्या साफ करायला मुद्दाम पाळतात, पण दिवाणखान्यात नकोत. कवटी पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आली की पिशवी उघडा, आणि राहिलेला अंश शोधून काढा. पट्टीवरून ती अलगद निघते, म्हणूनच हे जमतं.

फ्रीझरमध्ये ठेवण्याआधी घरातल्यांना सांगा. मी सांगितलं नव्हतं, आणि रविवारी सकाळी मटार काढायला नवरा गेला होता.